मोर-वेस्टफाल तुला आणि तिचे अंकलेखन

द्रवाची घनता काढण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे त्याचे ठराविक आकारमान मोजून घेणे आणि तेवढा द्रव तोलणे. ही रीत सरळ असली तरी सोपी नाही. वजन चार दशांश स्थळांपर्यंत बिनचूक करता येते. आकारमान तितक्या बिनचूकपणे मोजणे पुष्कळच कठीण असते. भांड्याच्या कडेला चिकटलेला थेंब, काचेचे प्रसरण, द्रवाच्या पृष्ठभागाची वक्रता यांपैकी प्रत्येक गोष्ट आकारमानात थोडीथोडी लबाडी करीत असते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत तयार झालेल्या एका तुलेने ही अडचण मुळातच टाळली. या तुलेवर द्रवाचे आकारमान मोजावे लागत नाही, वजनांची बेरीज करावी लागत नाही, भागाकारही करावा लागत नाही. दांडीवर टांगलेली चार-पाच लहान वजने ज्या खाचांत स्थिरावतात त्या खाचांचे क्रमांक ओळीने लिहिले की उत्तर तयार होते. ही तुला मोर-वेस्टफाल तुला या नावाने ओळखली जाते.

प्रयोगशाळांतील नित्याच्या कामातून ही तुला आता बहुतेक निवृत्त झाली आहे. ती कपाटात किंवा संग्रहालयात आढळते आणि पाहणाऱ्याचे लक्ष तिच्या पितळी कारागिरीकडे जाते. परंतु तिचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. मापन म्हणजे काय आणि मापनातून निघालेला आकडा नेमके कोणते विधान करतो, हे ज्या थोड्या उपकरणांत डोळ्यांना दिसते त्यांपैकी हे एक होय. म्हणून तिची रचना, तिची वाचनपद्धती आणि तिने दिलेल्या आकड्याचा अर्थ या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पूर्वपीठिका

द्रवात बुडविलेल्या पदार्थाचे वजन त्याने दूर सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके घटते, हा आर्किमिडीजचा सिद्धान्त इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला आहे. या सिद्धान्तावर आधारलेली तुला बनविण्याचे प्रयत्न पुढे अनेकांनी केले. अकराव्या शतकात अल्-बीरूनीने धातू आणि रत्ने यांच्या सापेक्ष जडत्वाची मोजमापे केली. त्यानंतर मर्व्ह येथील अल्-खाझिनीने ११२१-२२ च्या सुमारास ‘ज्ञानतुला’ या अर्थाचे नाव असलेला ग्रंथ लिहिला. त्यात वर्णिलेल्या तुलेला पाच पारडी असून त्यांपैकी काही दांडीवर सरकविता येत, आणि निरनिराळ्या धातूंसाठी दांडीवर खुणा केलेल्या असत. गॅलिलिओने १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एका लहान तुलेवर टिपण लिहिले. पदार्थ पाण्यात बुडविला की समतोल राखण्यासाठी दुसऱ्या बाजूचे वजन टेकूकडे सरकवावे लागते, आणि ते किती सरकले यावरून मिश्रधातूतील सोन्याचांदीचे प्रमाण कळते, अशी त्याची योजना होती. अंतर बारकाईने मोजता यावे म्हणून दांडीवर बारीक तार गुंडाळावी आणि तिचे वेढे टोकदार सळईने, हाताच्या स्पर्शाने व कानाने मोजावेत, असे त्याने सुचविले होते.

या सर्व तुलांत एक समान सूत्र दिसते. वजनाच्या मोठेपणापेक्षा वजनाची दांडीवरील जागा अधिक बोलकी ठरते. भारतातही दांडीवरील खुणांनी वजन सांगणारी तुला जुनीच आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील ‘समवृत्ता’ तुलेचे वर्णन अशाच प्रकारचे आहे. मात्र या सर्व ठिकाणी जागेवरून जे वाचले जाई ते एक अंतर होते. त्या अंतराचे संख्येत रूपांतर करण्याचे काम शेवटी तोलणाऱ्याकडेच राहत असे.

२. रचना

कार्ल फ्रीड्रिख मोर (१८०६-१८७९) हे कोब्लेन्झ येथील औषधनिर्माते आणि रसायनशास्त्रज्ञ. रसायनाच्या विद्यार्थ्यांना ते ‘मोरचे लवण’, क्लोराइडच्या अनुमापनाची ‘मोरची पद्धती’ आणि चिमट्याचा ब्युरेट यांमुळे परिचित असतात. औषधनिर्मात्याला अर्क, आम्ले, मद्यार्क आणि तेले यांची शुद्धता दररोज पारखावी लागे. त्यासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साध्या दोन भुजांच्या तुलेत एक फेरफार केला: एका भुजेचे दहा समान भाग पाडून तिच्या टोकाला काचेचा ओळंबा टांगला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात हॅनोव्हर प्रांतातील सेले या गावचे उपकरणनिर्माते गेऑर्ग वेस्टफाल यांनी दुसऱ्या बाजूचे पारडे काढून टाकले. त्या जागी दांडीलाच जोडलेले एक स्थिर प्रतिवजन बसविले आणि त्याच्या टोकाला काटा ठेवला. समोरच्या स्थिर काट्याशी हा काटा जुळला की दांडी समतोल झाली असे समजावयाचे. आज जी तुला पाहावयास मिळते ती बहुधा या सुधारलेल्या रूपातली असते.

तुलेचे भाग थोडेच आहेत. खालीवर करता येणारा एक खांब, त्याच्या तळाशी पातळी जुळविण्याचा स्क्रू, खांबावर पोलादी धारेवर टेकलेली दांडी, दांडीच्या लांब भुजेवर समान अंतराने पाडलेल्या नऊ खाचा आणि दहाव्या जागी, म्हणजे टोकाला, एक आकडी. या आकडीतून प्लॅटिनमच्या अतिशय बारीक तारेने काचेचा ओळंबा लोंबतो. ओळंबा पोकळ असून पुष्कळदा त्याच्या पोटातच तापमापक बसविलेला असतो. त्यामुळे ज्या द्रवात ओळंबा बुडतो त्याचेच तापमान वाचता येते. सोबत एक उभट काचपात्र आणि वाकविलेल्या तारेची काही लहान वजने असतात. त्यांना प्रयोगशाळांत इंग्रजी शब्दानेच ‘रायडर’ म्हणतात. मराठीत त्यांना ‘आकडे’ म्हणणे अधिक सोयीचे आहे. या शब्दाविषयी पुढे अधिक सांगावयाचे आहे.

ओळंबा हवेत लोंबत असताना दांडी समतोल राहील अशा बेताने प्रतिवजन व तळाचा स्क्रू जुळवितात. नंतर ओळंबा द्रवात पूर्ण बुडवितात. द्रव त्याला वर उचलू लागतो, लांब भुजा हलकी होते आणि काटा ढळतो. हा उचल भरून काढण्यासाठी लांब भुजेवर आकडे टांगतात. सर्वांत मोठ्या आकड्याचे वजन ओळंब्याने दूर सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकेच असते. म्हणून ओळंबा पाण्यात असेल तर हा एकच आकडा टोकाच्या आकडीत अडकविला की दांडी पुन्हा समतोल होते. या स्थितीला १.०००० म्हणावयाचे.

बाकीचे आकडे या पहिल्या आकड्याच्या एक दशांश, एक शतांश आणि एक सहस्रांश वजनाचे असतात. ओळंब्याने दूर सारलेले पाणी ५ ग्रॅम भरत असेल, तर आकडे अनुक्रमे ५ ग्रॅम, ५०० मिलिग्रॅम, ५० मिलिग्रॅम आणि ५ मिलिग्रॅम वजनाचे होतील. पाण्याहून जड द्रवांसाठी मोठ्या आकड्याची आणखी एक जोड दिलेली असते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वरील उदाहरणात ग्रॅम आले असले तरी तुलेला ग्रॅमची मुळीच गरज नाही. आकडे ग्रॅमचे आहेत की ग्रेनचे आहेत याने उत्तरात काहीही फरक पडत नाही. ते परस्परांच्या दहापट असावेत आणि सर्वांत मोठा आकडा आपल्या ओळंब्याशी जुळणारा असावा, एवढेच पुरे. जर्मनीत मेट्रिक पद्धती सक्तीची झाली ती १८७२ पासून. तत्पूर्वी तेथील राज्याराज्यांत वजने वेगळी होती. अशा काळात वजनाच्या एककावर अवलंबून नसलेले उपकरण औषधनिर्मात्यांना सोयीचे वाटले असल्यास नवल नाही. शेर-तोळ्यांच्या जागी १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आलेल्या महाराष्ट्रातील वाचकांना या सोयीचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

३. वाचनाची रीत

लांब भुजेवर टेकूपासून मोजलेल्या कोणत्याही खाचेत आकडा टांगला, की त्याचा परिणाम वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराइतका होतो. ओळंबा दहाव्या जागी असल्यामुळे मोठा आकडा आठव्या खाचेत असेल तर तो उचलाच्या आठ दशांश भागाला तोलून धरतो. त्याचे मूल्य ०.८. दुसरा आकडा, म्हणजे एक दशांश वजनाचा, चौथ्या खाचेत असेल तर त्याचे मूल्य ०.०४. तिसऱ्या आकड्याच्या खाचेचा क्रमांक तिसऱ्या दशांश स्थळी येतो आणि चौथ्याच्या खाचेचा चौथ्या स्थळी.

दोन उदाहरणे पुरेशी होतील. संहत सल्फ्युरिक आम्लात ओळंबा बुडविला तर एक मोठा आकडा टोकाला, दुसरा मोठा आकडा आठव्या खाचेत आणि दशांशाचा आकडा चौथ्या खाचेत ठेवल्यावर दांडी समतोलाजवळ येते. वाचन १.८४. दुधाच्या एखाद्या नमुन्यात एक मोठा आकडा टोकाला लागतो. दुसऱ्या मोठ्या आकड्याची गरजच पडत नाही. दशांशाचा आकडा तिसऱ्या खाचेत व शतांशाचा दुसऱ्या खाचेत बसतो. सहस्रांशाचा आकडा पेटीतच राहतो. वाचन १.०३२०. दोन आकडे एकाच खाचेत यावयाचे असतील तर एक दुसऱ्याला अडकवितात. तेवढ्यासाठीच त्यांची टोके वाकविलेली असतात.

४. चिन्ह, स्थान आणि शून्य

मराठीत ‘आकडा’ या शब्दाचे दोन अर्थ रूढ आहेत: वाकविलेल्या तारेची वा सळईची अडकवण, आणि संख्येचे लिखित चिन्ह. दोन्ही अर्थ संस्कृत ‘अंक’ या शब्दापाशी जाऊन पोचतात. त्या शब्दातही आकडी, बाक, मांडी, खूण आणि संख्याचिन्ह हे अर्थ शेजारी शेजारी आढळतात. मोर-वेस्टफाल तुलेत हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत एकत्र आले आहेत. तिच्यावर आकड्यांनी आकडा लिहिला जातो, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे.

हे लेखन कागदावरील लेखनापेक्षा कोणत्या बाबतीत वेगळे आहे, ते पाहणे उद्बोधक ठरेल. कागदावर दशमान पद्धतीने संख्या लिहिताना चिन्हाच्या आकृतीवरून राशी कळते आणि त्याच्या जागेवरून श्रेणी कळते. ३ हे चिन्ह तीनच सांगते. ते तीन दशक की तीन शतांश हे त्याच्या स्थानावरून ठरते. तुलेवर ही वाटणी नेमकी उलट झालेली असते. आकड्याच्या आकारावरून श्रेणी कळते आणि त्याच्या जागेवरून राशी कळते. दशांशाचा आकडा कोठेही असला तरी तो दुसऱ्या दशांश स्थळाचाच असतो. त्याची खाच मात्र तेथे एक लिहावयाचा की नऊ हे ठरविते. दोन्ही पद्धतींत साधने तीच आहेत, चिन्ह आणि स्थान. केवळ त्यांच्या कामांची अदलाबदल झाली आहे.

या अदलाबदलीचा एक परिणाम शून्याच्या बाबतीत दिसतो. स्थानमूल्याच्या लेखनाला शून्याची गरज का पडते? मधली जागा रिकामी सोडली तर शेजारची चिन्हे सरकून एकमेकांना भिडतात आणि श्रेणी बिघडते. ग्वाल्हेर येथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० या संख्यांत शून्य कोरलेले आहे. ते नसते तर २७ आणि ५ एवढेच उरले असते. तुलेवर हा धोका नाही. तेथे श्रेणी आकड्याच्या अंगातच असल्यामुळे एखादा आकडा पेटीत राहिला तरी इतरांची श्रेणी बदलत नाही. तुलेला शून्याचे चिन्ह लागत नाही. आकड्याचा अभाव हेच तिचे शून्य. भाषाभ्यासकाला येथे पाणिनीय व्याकरणातील लोपाची कल्पना आठवेल. प्रत्यय दिसत नाही, पण त्याची जागा आणि त्याचे कार्य मात्र गृहीत धरावे लागते.

परंतु हा अभाव कागदावर उतरविताना शब्दांत, म्हणजे अंकात, मांडावाच लागतो. दुधाच्या वरील उदाहरणात दांडीवर तीन आकडे दिसतात: टोकाला, तिसऱ्या खाचेत आणि दुसऱ्या खाचेत. जो विद्यार्थी जे दिसते तेवढेच लिहील तो १.३२ लिहील. १.३२ म्हणजे दूध नव्हे. ते एखाद्या घट्ट पाकाचे वाचन होईल. उपकरणाने केलेले विधान आणि वहीत उतरलेले विधान यांत भाषांतराची एक पायरी असते. ती पायरी यांत्रिक वाटली तरी चुकीला सर्वांत मोकळी जागा तेथेच असते.

५. तुलना कशाशी?

आतापर्यंत तुलेच्या वाचनाला ‘घनता’ म्हणण्याचे कटाक्षाने टाळले आहे. त्याला कारण आहे. घनता म्हणजे एकक आकारमानातील वस्तुमान. ती ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर अशा एककांत सांगतात. तुला जे सांगते ते एक गुणोत्तर आहे: या द्रवाने ओळंब्याला दिलेला उचल हा पाण्याने दिलेल्या उचलाच्या किती पट आहे. गुणोत्तराला एकक नसते. एकक नसल्यामुळे तो आकडा स्वयंपूर्ण वाटतो. वस्तुतः तो तसा नसतो. कोणत्या तापमानाच्या पाण्याशी ही तुलना केली, हे जोपर्यंत सांगितले जात नाही तोपर्यंत १.०३२० हे विधान अर्धवटच राहते.

शुद्ध पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला जवळजवळ १.०००० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. १५ अंशांना ती ०.९९९१, २० अंशांना ०.९९८२ आणि ३० अंशांना ०.९९५७ होते. ज्या तुलेचा मोठा आकडा १५ अंशांच्या पाण्याशी जुळविलेला आहे ती त्या पाण्यात १.०००० दाखवील. ज्या तुलेचा आकडा ४ अंशांच्या पाण्याला धरून घडविला आहे ती त्याच पाण्यात ०.९९९१ दाखवील. दिसावयास दोन्ही तुला एकसारख्या, दोन्ही बिनदोष, आणि तरीही चौथ्या दशांश स्थळी नऊचा फरक. जो आकडा चार स्थळे लिहितो त्याने हा फरक दुर्लक्षिणे म्हणजे शेवटची दोन स्थळे शोभेपुरती लिहिण्यासारखे आहे.

हा प्रश्न थंड प्रदेशातील उपकरण उष्ण प्रदेशात आणल्यावर अधिक तीव्र होतो. जुन्या जर्मन तुलेसाठी १५ अंश हे खोलीचे साधारण तापमान होते. महाराष्ट्रातील प्रयोगशाळेत उन्हाळ्यात ३० अंश ही सामान्य गोष्ट आहे. १५ अंशांना जुळविलेली तुला ३० अंशांच्या शुद्ध पाण्यात, काचेच्या किंचित प्रसरणाचा हिशेब धरूनही, ०.९९७ च्या आसपास वाचन देईल. पाण्याच्या बाबतीत ही चूक लगेच ध्यानात येते, कारण पाण्याचे वाचन किती यावयास पाहिजे हे सर्वांना ठाऊक असते. इतर द्रवांच्या बाबतीत ते ठाऊक नसते.

दुधाचेच उदाहरण पुढे नेऊ. १५ अंशांना १.०३२ देणारे दूध ३० अंशांना तपासले तर तिसऱ्या दशांश स्थळी सुमारे तिनाने कमी वाचन येते. आणि चांगल्या दुधात एक दशांश पाणी मिसळले तर वाचनात होणारी घटही साधारण तेवढीच असते. म्हणजे तापमानाची नोंद न घेणारा परीक्षक पाणी न घातलेल्या दुधाला पाणी घातलेले ठरवू शकतो, आणि त्याच्यापाशी आधार म्हणून तुलेचा आकडा असतो. आकडा खोटा नसतो; त्याच्याभोवतीचे विधान अपुरे असते. याच्या उलटही घडते. मलई काढली की दूध जड होते, पाणी घातले की हलके होते. दोन्ही गोष्टी बेताने केल्या तर तुला निर्दोष वाचन देते. म्हणूनच केवळ या एका आकड्यावरून दुधाचा निकाल देत नाहीत; त्याच्या जोडीला स्निग्धांशाची तपासणी आवश्यक मानतात. मद्यार्कावरील अबकारी कर, आम्लांची तीव्रता, तेलांची पारख या सर्व व्यवहारांत हाच नियम लागू आहे. जेथे आकड्यावर कोणाचा तरी पैसा किंवा अब्रू अवलंबून असते तेथे आकड्याची अट आकड्याइतकीच स्पष्टपणे नोंदविली पाहिजे.

तापमानाखेरीज आणखी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. पहिली, ओळंब्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे. ते त्याला वर उचलतात आणि वाचन फुगते. दुसरी, पृष्ठताण. तार जेथे द्रवाच्या पृष्ठभागातून आत शिरते तेथे द्रव तिला खाली ओढतो. तार ०.१ मिलिमीटर जाडीची असेल तर पाण्यात ही ओढ सुमारे २.३ मिलिग्रॅम भरते, म्हणजे ५ ग्रॅमच्या ओळंब्यासाठी चौथ्या दशांश स्थळी चार ते पाच. पाण्यात तुला तपासून घेतली की ही चूक वजा होते, पण मद्यार्काचा पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी असल्यामुळे तेथे ती पुरती वजा होत नाही. तार शक्य तितकी बारीक ठेवण्याचे कारण हेच. तिसरी गोष्ट, ओळंबा आणि आकडे यांची जोडी. एका तुलेचा ओळंबा फुटला म्हणून दुसऱ्या तुलेचा बसविला, तर जुने आकडे निरर्थक होतात. त्यांचे मूल्य त्यांच्या स्वतःच्या वजनात नसून त्या विशिष्ट ओळंब्याशी असलेल्या नात्यात असते. चिन्हाचे मूल्य व्यवस्थेतील इतर घटकांशी असलेल्या संबंधांतून निर्माण होते, हे द सोस्यूर यांचे प्रतिपादन भाषेपुरते होते. परंतु त्याचे इतके ठोस उदाहरण क्वचितच सापडेल.

६. घन पदार्थ

ही तुला मुख्यतः द्रवांसाठी असली तरी घन पदार्थांसाठीही ती दोन प्रकारे वापरता येते. पहिला प्रकार प्रत्यक्ष तोलण्याचा. ओळंब्याऐवजी लहान पारडे टांगून घन पदार्थ प्रथम हवेत आणि मग पाण्यात तोलावयाचा. हवेतील वजनाला वजनातील घटीने भागले की गुणोत्तर मिळते. शुद्ध गारेचा खडा हवेत २.६५ ग्रॅम भरला तर पाण्यात तो १.६५ ग्रॅम भरतो. घट १ ग्रॅम, गुणोत्तर २.६५.

परंतु खनिजाचा कण वाळूएवढा असेल तर ही रीत निरुपयोगी ठरते, कारण घटच मोजण्याजोगी नसते. अशा वेळी खनिजशास्त्रज्ञ एका वेगळ्या युक्तीचा अवलंब करीत. ब्रोमोफॉर्म (सुमारे २.८९) किंवा मेथिलीन आयोडाइड (सुमारे ३.३) यांसारख्या जड द्रवात तो कण टाकावयाचा. कण तरंगतो. मग त्यात हलका द्रव थेंबाथेंबाने मिसळीत जावयाचे. एक क्षण असा येतो की कण तरंगतही नाही व बुडतही नाही. जेथे सोडावा तेथेच राहतो. त्या क्षणी द्रवाची आणि कणाची घनता सारखी झालेली असते. आता कणाला तोलण्याची गरजच उरत नाही. द्रवात तुलेचा ओळंबा बुडवून द्रवाचे वाचन घेतले की तेच कणाचे वाचन होय. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सापडणाऱ्या खनिजांपैकी ॲपोफिलाइट (२.३ ते २.४), गार (२.६५) आणि कॅल्साइट (२.७१) यांचे लहान पांढरे कण नुसत्या डोळ्यांनी ओळखणे सोपे नसते, या रीतीने ते निश्चितपणे वेगळे करता येतात. हे द्रव विषारी असल्यामुळे काम हवेशीर जागी आणि काळजीपूर्वक करावे लागते. या रीतीत घन पदार्थ स्वतः काहीच सांगत नाही. त्याच्याशी बरोबरी साधलेला द्रव त्याच्या वतीने बोलतो.

७. संज्ञांचा प्रश्न

तुलेच्या वाचनाला मराठी पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ ‘विशिष्ट गुरुत्व’ म्हटले गेले. ही संज्ञा इंग्रजी संज्ञेवरून घडविली आहे. मूळ संज्ञेतील पहिला शब्द जातिवाचक आहे. गॅलिलिओच्या इटालियन लेखनात ‘जातीगणिक जडपणा’ अशा अर्थाचा प्रयोग येतो: सोन्याच्या एका ढेपेचे वजन नव्हे, तर सोने या जातीचा जडपणा. मराठी ‘विशिष्ट’ या शब्दात हा अर्थ पुरता उतरत नाही. वाचकाला त्यातून ‘काही खास’ एवढाच बोध होतो. ‘गुरुत्व’ या शब्दाला तर स्वतःचा इतिहास आहे. वैशेषिक दर्शनात प्रशस्तपादांच्या चोवीस गुणांत गुरुत्व येते, आणि ते पतनाचे कारण मानलेले आहे. तेथे ते पदार्थाच्या अंगचा गुण आहे. दुसऱ्या पदार्थाशी तुलना त्यात अभिप्रेत नाही.

म्हणजे या संज्ञेतील दोन्ही शब्द एक गोष्ट झाकून ठेवतात, आणि ती म्हणजे तुलना. विद्यार्थी ‘दुधाचे विशिष्ट गुरुत्व १.०३२’ असे पाठ करतो, तेव्हा तो आकडा दुधाच्या पोटात दडलेला गुण आहे असे त्याला वाटते. नंतर रूढ झालेली ‘सापेक्ष घनता’ ही संज्ञा या दृष्टीने अधिक प्रामाणिक आहे. ‘सापेक्ष’ हा शब्द ऐकताच ‘कशाच्या अपेक्षेने?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. चांगल्या पारिभाषिक संज्ञेने हेच काम करावयाचे असते. संज्ञेने वस्तूला नाव द्यावे एवढे पुरेसे नाही. त्या वस्तूविषयी कोणता प्रश्न विचारलाच पाहिजे याचीही तिने आठवण द्यावी.

एककांच्या इतिहासातही असे झाकलेले संदर्भ सापडतात. १९०१ मध्ये लिटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याचे आकारमान अशी केली गेली, आणि पुढे ते आकारमान एका घन डेसिमीटरहून दशलक्षात सुमारे २८ भागांनी अधिक असल्याचे दिसून आले. ही व्याख्या १९६४ मध्ये रद्द होईपर्यंत ‘ग्रॅम प्रति मिलिलिटर’ आणि ‘ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर’ ही दोन एकके तंतोतंत समान नव्हती. मोर-वेस्टफाल तुलेच्या चार स्थळांत हा फरक दिसत नाही. परंतु अधिक सूक्ष्म मोजमापे वाचताना वर्ष पाहणे इष्ट ठरते.

८. समारोप

१९६७ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील आन्टोन पार या कंपनीने अंकदर्शी घनतामापक बाजारात आणला आणि तुलेचे दिवस ओसरू लागले. या उपकरणात इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची काचनळी द्रवाने भरून कंप पावू देतात. द्रव जितका जड तितका कंप मंद. द्रवाचे काही थेंब पुरतात, तापमान उपकरणच राखते आणि उत्तर पडद्यावर उमटते. अचूकपणात व वेगात जुनी तुला त्याच्या जवळपासही येत नाही. परंतु हे उपकरणदेखील वापरण्यापूर्वी हवा आणि शुद्ध पाणी या दोन ज्ञात पदार्थांनी जुळवून घ्यावे लागते. तुलना तेथेही आहे. ती फक्त दिसेनाशी झाली आहे.

जुन्या तुलेचे शैक्षणिक मोल नेमके येथे आहे. तिच्यावर तुलना डोळ्यांसमोर घडते. कोणते पाणी १ मानले, कोणता आकडा कोठे बसला, कोणता पेटीतच राहिला, हे सर्व विद्यार्थ्याला हाताने करावे लागते, आणि वहीत शून्य लिहिण्याची जबाबदारीही त्याचीच असते. पदव्युत्तर वर्गांत, मग ते रसायनाचे असोत की भाषाविज्ञानाचे, ही तुला एकदा तरी कपाटाबाहेर काढून चालवून दाखवावी. पडद्यावर उमटलेला आकडा वाचताना त्याच्यामागचे विधान पूर्ण करून वाचण्याची सवय तीवर काम केल्याने लागते. ती सवय दुसऱ्या कोणत्याही उपकरणाने इतक्या थोड्या वेळात लागणे कठीण आहे.